फितीवरचा आवाज आणि संगणक

श्रोतेहो, देवळाली प्रवऱ्यासारख्या गावात कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या फडताळात जुन्या भजन-कीर्तनाच्या कॅसेटी अजून असतील. तो आवाज फितीवर आला कसा आणि पुढे टिकवायचा कसा, हे आज पाहू.

डेन्मार्कच्या पौल्सेन यांनी १८९८ साली पोलादी तारेवर चुंबकाच्या साहाय्याने आवाज उतरवला. पुढे १९२८ मध्ये जर्मनीत फ्लॉइमर यांनी कागदी पट्टीवर लोखंडाची पूड चिकटवली. ती आजच्या फितीची आजी! १९३५ साली बर्लिनच्या प्रदर्शनात फितीचे यंत्र लोकांनी पाहिले, आणि १९६३ मध्ये फिलिप्सने फीत खिशात मावेल अशा डबीत घातली.

आता मौज पाहा. आवाज मोठा झाला, की फितीवरचे लोहकण चुंबकत्वाने भरत येतात. पुढचा जोर ते हळूच दाबतात आणि मूळ सुरात थोडे उपसूर मिसळतात. शास्त्राच्या दृष्टीने हा दोष. पण कानाला तो आवाज भरीव, उबदार वाटतो. संगणक मात्र आवाज आकड्यांत लिहितो. सीडीच्या हिशेबाने सेकंदाला ४४,१०० मापे! मर्यादा ओलांडली, की तो आवाज एकदम कापतो. पण आकड्यांची नक्कल कितीही वेळा करा, ती झिजत नाही. फितीची प्रत मात्र दर वेळी खरखर वाढवते.

म्हणून घरी गाणे मुद्रित करणारे काही हौशी लोक दोन्हींची सांगड घालतात: आधी फीत, मग संगणक. ऊब पहिलीची, टिकाऊपणा दुसऱ्याचा.

हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या बायकांकडून लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या काही आज संगणकावर ऐकता येतात. जाते थांबले, ओवी उरली!

शिक्षकबंधूंनो, आणि भगिनींनो, हे काम शाळेतही होईल. वाजवण्याआधी यंत्राचे हेड स्पिरिटच्या कापसाने पुसा. संगणकावर पातळी लाल खुणेच्या बरीच खाली ठेवा. एमपीथ्रीऐवजी वेव्ह फाइल करा. गाणाऱ्याचे नाव, गाव, साल लिहा. दोन प्रती दोन ठिकाणी ठेवा, आणि मूळ फीत टाकू नका. फितीचा चिकटा सुटतो, लोहकण झडतात. मग आजीचा आवाज कोणत्याही यंत्राला परत आणता येत नाही.