वाशिष्ठीचा पूर : चिपळूणच्या एका ‘नैसर्गिक’ आपत्तीचा इतिहास

२२ जुलै २०२१. चिपळूण एसटी आगाराचे व्यवस्थापक तिकीटविक्रीची सुमारे नऊ लाखांची रोकड घेऊन एका बसच्या टपावर चढले आणि पुराच्या पाण्यात सुमारे नऊ तास तेथेच बसून राहिले. ही बातमी तेव्हा खूप गाजली. आगारात इतके पाणी आले कोठून, हा प्रश्न मात्र ‘ढगफुटी’ या एका शब्दात गुंडाळला गेला. त्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर एका रात्रीचा पाऊस पुरत नाही. किमान दीडशे वर्षे मागे जावे लागते. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

प्रथम भूगोल. सह्याद्रीत उगम पावणारी वाशिष्ठी तीव्र उतारावरून धावत येते आणि चिपळूणपाशी एकाएकी सपाटीला लागते. शहरातून वाहणारी शिवनदी तिला येथेच मिळते. सभोवती डोंगर, मध्ये बशीसारखा सखल भाग, आणि खालच्या अंगाला गोवळकोटपासून थेट दाभोळपर्यंत गेलेली खाडी. वरून येणारे पाणी आणि खालून चढणारी भरती यांची गाठ चिपळूणच्या उंबरठ्यावर पडते. शेजारच्या डोंगरावर परशुरामाचे देऊळ आहे. ज्याने बाण मारून समुद्र मागे हटवला असे आपण मानतो, त्याच्या पायथ्याशी समुद्र दिवसातून दोनदा परत येतो!

मग इतक्या सखल जागी बाजारपेठ वसवलीच का? तर भरतीमुळेच. भरतीच्या पाण्याबरोबर गलबते गोवळकोट बंदरापर्यंत येत, आणि कुंभार्ली घाट उतरून कऱ्हाडकडचा माल तेथे पोहोचे. १८८०च्या रत्नागिरी जिल्हा गॅझेटिअरमध्ये चिपळूण दिसते ते घाट आणि किनारा यांना जोडणारी पेठ म्हणूनच. ज्या पाण्याने पेठ वसवली, तेच पाणी पावसाळ्यात तिच्यात शिरत असे. मात्र त्या काळी पाण्याला पसरायला मोकळी शेते होती आणि नदीचे पात्र खोल होते.

पात्र उथळ कसे झाले, हा या कथेतला सर्वांत दुर्लक्षित भाग. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वन अगदी नाममात्र. बहुतेक जंगल खाजगी मालकीचे. सरपण, कोळसा आणि इमारती लाकूड यांसाठी ते पिढ्यान्‌पिढ्या तुटत राहिले. उघड्या पडलेल्या उतारांवरची माती पावसाबरोबर नदीत आली, नदीतून खाडीत गेली. गोवळकोटचे बंदर मागे पडले त्यात रस्ते आणि मोटारी यांचा वाटा मोठा, पण गाळाचाही होताच. बंदर गेले तेव्हा कोणी त्याला आपत्ती म्हटले नाही. माझ्या मते पुराचा इतिहास खरा तेथून सुरू होतो.

त्यानंतर आले कोयना. कोयना नदी मूळची कृष्णेला मिळणारी, म्हणजे तिचे पाणी बंगालच्या उपसागराकडे जाणारे. जलविद्युत प्रकल्पाने ते बोगद्यांतून पश्चिमेला वळवले. पोफळीचे वीजगृह १९६२मध्ये सुरू झाले. पुढे कोळकेवाडी धरण झाले. वीजनिर्मितीनंतरचे हे पाणी अखेर वाशिष्ठीत येते. कृष्णा पाणीवाटप लवादाने या पश्चिमेकडच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. याचा लाभ नाकारता येत नाही: कोकणातल्या इतर नद्या उन्हाळ्यात आटतात, वाशिष्ठी वाहत राहते. पण एका नदीच्या पात्रात आता दोन खोऱ्यांचे पाणी आले. ऐन पुरात वीजगृहांचे पाणी किती भर घालते, यावर चिपळूणकर आणि शासन यांच्यात वाद होत आला आहे. (११ डिसेंबर १९६७चा कोयना भूकंप हा वेगळा, स्वतंत्र धाग्याचा विषय.)

२६ जुलै २००५ म्हटले की आपल्याला सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटर पाऊस आठवतो. त्याच दिवसांत चिपळूण बुडाले, महाड बुडाले, महाड तालुक्यातील जुई आणि दासगाव येथे दरडी कोसळून अनेक बळी गेले. स्मृतीत मात्र मुंबई राहिली आणि कोकण तळटीपेत गेले.

२०२१चे पाणी २००५च्याही वर चढले. तिथी पाहा: २० जुलैला आषाढी एकादशी, २४ला गुरुपौर्णिमा. म्हणजे २२ तारखेला त्रयोदशी, उधाण जवळ आलेले. खाडीकाठच्या कोळ्याला हे पंचांग न पाहता कळते. वर अतिवृष्टी, खाली मोठी भरती, मध्ये गाळाने भरलेले पात्र. बाजारपेठ, खेर्डी, पेठमाप, सारे पाण्याखाली गेले.

या पुरात बुडालेली एक वास्तू आपल्यासारख्यांना विशेष जवळची: लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, स्थापना १८६४. २०१३चे ८६वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच संस्थेच्या यजमानपदाखाली चिपळुणात झाले होते. २००५मध्ये तिची ग्रंथसंपदा भिजली. लोकांनी ती पुन्हा उभी केली. २०२१मध्ये पुन्हा पाणी शिरले. जुने दस्तऐवज, वहीखाती, स्थानिक अंक यांचे वैरी वाळवी आणि दमट हवा हे आपण जाणतो. येथे पूर स्वतःच स्वतःच्या इतिहासाची साधने नष्ट करतो. म्हणून दर पुराला ‘असा पूर कधी पाहिला नव्हता’ असे म्हणणे सोपे जाते.

दोष देण्याच्या तऱ्हाही नोंदवण्याजोग्या आहेत. २ जुलै २०१९च्या रात्री याच तालुक्यातील तिवरे धरण फुटले आणि वस्ती वाहून गेली, तेव्हा राज्याच्या जलसंधारणमंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखवले होते.

२०२१नंतर चिपळूण बचाव समितीने गाळ काढण्यासाठी साखळी उपोषण केले आणि नदीत यंत्रे उतरली. आता वाद आहे पूररेषांचा. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. या रेषांच्या आत बांधकामावर निर्बंध येतात, आणि शहराचा फार मोठा भाग त्यांत सापडतो. रेषा आखणाऱ्याला पाण्याची पातळी हवी. घर असलेल्याला आपले घर हवे. गाळ काढण्यापूर्वीच्या पात्रावरून आखलेली रेषा ग्राह्य धरावी का, हा नागरिकांचा आक्षेप मला रास्त वाटतो.

तुमच्यापैकी कोणी चिपळूण, खेर्डी किंवा गोवळकोटचे असाल, आणि घरच्या भिंतीवर, जोत्यावर वा दुकानाच्या वहीत २००५पूर्वीच्या एखाद्या पुराची खूण असेल, तर तिचे छायाचित्र, वर्ष आणि जागा खाली लिहा.