तांबडं फुटेपर्यंत

टोकियोचं शिंजुकू किंवा ओसाकाचं दोतोन्बोरी पाहून आलेला मराठी माणूस हमखास एक तुलना करतो. तिथे रात्री बारालाही रस्ता फुललेला, गाणं-बजावणं चालू. आणि आमच्या साताऱ्या-सांगलीत दहा वाजले की दुकानांची शटरं खाली, सगळं सामसूम. यावरून तो ठरवून टाकतो की रात्रीची करमणूक हे महानगरांचं आणि परदेशाचं प्रकरण आहे, कृष्णा-वारणेकाठच्या शेतकरी मुलखाचा तिच्याशी कधी संबंधच नव्हता. इतिहास असं सांगत नाही. मराठी नाटक, तमाशा आणि गाण्याची मैफल हे करमणुकीचे तीन मोठे प्रकार या पट्ट्यात वाढले ते रात्रीच्या आधाराने, आणि त्यांचा घाटही रात्रीच्या लांबीनेच ठरवला. इथली रात्र ओस पडली ती लोकांची हौस फिटली म्हणून, असं सर्रास मानलं जातं. माझ्या मते हौस शाबूत होती. रात्रच शेवटून कापली गेली.

सुरुवात सांगलीच्या दरबारापासून करू. उत्तर कानडा भागातली भागवत मंडळी खेळ करत सांगलीत आली आणि त्यांचे यक्षगानाच्या धर्तीचे प्रयोग संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी पाहिले. असं काही आपल्या भाषेत झालं पाहिजे, असं त्यांच्या मनाने घेतलं आणि ते काम त्यांनी पदरच्या विष्णुदास भाव्यांवर सोपवलं. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीतास्वयंवर’ झालं. पुढची हकिकत शाळेच्या पुस्तकातही असते, पण त्या प्रयोगांची घडण सहसा कोणी नीट पाहत नाही. आधी सूत्रधाराचं मंगलाचरण, मग विदूषकाची लुडबूड, मग गणपती, मग मोरावरची सरस्वती नाचून जाणार, आणि त्यानंतर कुठे आख्यानाला हात. पदं सूत्रधाराने गायची, भाषणं पात्रांनी आयत्या वेळी जुळवायची. राक्षस येणार तो आरडाओरडा करत, तलवार फिरवत; पलित्यावर राळ फेकली की क्षणभर सगळा मांडव लाल व्हायचा आणि पोरं आयांच्या मागे दडायची. ही राळ भर दुपारी उडवली तर तिचा नुसता धूर दिसेल. राक्षसाचा दरारा अंधाराच्या जिवावर होता आणि एवढ्या संथ मांडणीला अख्खी रात्र हाताशी असणं गरजेचं होतं.

हे इथे ओघानेच आलं असं कोणाला वाटेल, म्हणून जपानकडे पुन्हा एकदा पाहायला हवं. त्याच सुमारास एडोत, म्हणजे आजच्या टोकियोत, काबुकीची नाटकघरं भरभराटीत होती, पण खेळ चालायचा दिवसा. सकाळी सुरू होऊन दिवस मावळायच्या आत संपायचा, कारण लाकडी शहराला दिव्याची आणि आगीची धास्ती. १८४१ साली नाटकवस्तीला आग लागली, सरकारला निमित्त मिळालं, आणि तेनपो सुधारणांच्या नावाखाली ही नाटकघरं उचलून शहराच्या कडेला असाकुसाकडे नेऊन टाकली. एडोतली नाटकं अशी गावाबाहेर गेली आणि दोनेक वर्षांत सांगलीचा राजा नाटक स्वतःच्या दरबारात बोलावून घेत होता. रात्रीच्या करमणुकीत जपान पुढे आणि आपण मागे, हे गृहीतक निदान १८४३ सालापुरतं तरी उलटं आहे.

आप्पासाहेब १८५१ मध्ये वारले आणि दरबारचा आश्रय संपला. भाव्यांना मंडळी घेऊन बाहेर पडावं लागलं. १८५३ मध्ये त्यांनी मुंबईत तिकीट लावून खेळ केले. त्यांच्या मागोमाग इचलकरंजीकर, आळतेकर अशा गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मंडळ्या निघाल्या. साताऱ्याला १८८१ च्या सुमारास शाहूनगरवासी नाटक मंडळी उभी राहिली. तिच्या गणपतराव जोशांनी ‘विकारविलसित’मधून हॅम्लेट मराठी माणसाच्या घरचा केला, आणि ते भाषांतर करणारे गोपाळ गणेश आगरकर कऱ्हाडजवळच्या टेंभूचे. हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांचं ‘शारदा’ १८९९ चं. सांगलीचे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचं ‘मानापमान’ १९११ चं. संगीत नाटकाने रात्र आणखी ताणली. नऊ-साडेनऊला पडदा वर जायचा, ‘वन्स मोअर’वर ‘वन्स मोअर’ पडायचे आणि घरी परतताना पहाट झालेली असायची. आजचा समीक्षक या लांबीला पाल्हाळ म्हणतो. त्या काळच्या प्रेक्षकाचा हिशोब वेगळा होता. तासगावाहून बैलगाडीने आलेल्या माणसाला मध्यरात्री नाटक संपून काय उपयोग? रस्त्याला उजेड नाही, वाटेत ओढे. उजाडेपर्यंत त्याला कुठेतरी थांबायचंच होतं, मग नाटकातच थांबला. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर सरकारने १९१० मध्ये बंदी घातली, तेव्हा हातात १८७६ चा नाट्यप्रयोगांचा कायदा होता. रात्री पेंडॉलमध्ये जमलेल्या हजारभर माणसांची इंग्रजाला वर्तमानपत्रापेक्षा कमी भीती नव्हती.

नाटक झालं तरी शहरांपुरतं आणि मोठ्या गावांपुरतं. खरी रात्र होती ती यात्रांची. पालीचा खंडोबा, म्हसवड आणि खरसुंडीचा सिद्धनाथ, पुसेगावचे सेवागिरी, मांढरदेवची काळूबाई, जतची यल्लम्मा. यांच्या जोडीला प्रत्येक गावची आपली जत्रा. महानगरातली रात्र रोज उघडते आणि ज्याच्या खिशात पैसे त्याला आत घेते. इथली रात्र वर्षातून एक-दोनदा उघडायची, पण सबंध गावासाठी, आणि तिचा खर्च घरटी वर्गणीतून निघायचा. तमाशाच्या फडाला सुपारी देताना गावकारभारी भावात घासाघीस करत आणि दोन फड समोरासमोर आणून कोण रात्र मारतो ते पाहत. खेळाचा क्रम ठरलेला: गण, मग गवळण, मावशी आणि पेंद्याची चेष्टामस्करी, मग बतावणी, लावण्यांची रंगबाजी, आणि मध्यरात्र उलटली की वग. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हजेरीचा खेळ. हा क्रम ध्यानात ठेवावा, कारण पुढचा सगळा वाद त्यावर उभा आहे. तमाशातली गोष्ट, राजा-प्रधान, अन्याय, सोंगाड्याने पाटलाची आणि फौजदाराची काढलेली फिरकी, हे सगळं वगात. म्हणजे सगळ्यात शेवटी. कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या भावांच्या जोडीने महाराष्ट्र गाजवला तो मुख्यतः वगातल्या विनोदावर. त्यांना पाहायला आलेला माणूस एक-दोनपर्यंत खुशाल पेंगायचा आणि वग लागला की शेजारी त्याला ढोसून जागं करायचा.

याला करमणूक कशाला म्हणता, ही तर देवाची सेवा, असा एक आक्षेप येतो. जागरण-गोंधळाला, धनगरांच्या रात्रभर चालणाऱ्या ओव्यांना तो लागू पडतो. तमाशाचंही नाव देवाचंच, गणाने सुरुवात होते. पण गण दहा-पंधरा मिनिटांचा आणि खेळ सात-आठ तासांचा. सुपारीचा व्यवहार, दौलतजादा, चढाओढ, शिट्ट्या यांतलं काहीच देवळात चालत नाही. देवाने रात्रीला परवानगी मिळवून दिली, एवढंच त्याचं श्रेय. आणि ही सोय फक्त आपलीच नव्हे. जगभर जत्रेच्या आडोशानेच लोकांनी मजा केली आहे.

दुसरा आक्षेप मात्र असा झटकून टाकता येत नाही. ही ‘सबंध गावाची’ रात्र खरोखर सबंध गावाची होती का? कनातीत बसलेले जवळपास सगळे पुरुष. फडावर नाचणाऱ्या-गाणाऱ्या बायका आणि ढोलकी-हलगी वाजवणारे गडी बहुतेक महार, मांग, कोल्हाटी समाजाचे. रात्री ज्यांच्या लावणीला फेटे उडाले त्यांना सकाळी त्याच गावच्या पाणवठ्यावर मज्जाव. रेठरे हरणाक्षच्या श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी यांनी उलट दिशेने ही रेघ ओलांडली. कुलकर्णीपण सोडून ते पठ्ठे बापूराव झाले, लावणी नाचणाऱ्या पवळाबरोबर फड उभा केला, आणि जातीने त्यांना वाळीत टाकलं ते टाकलंच. १९४५ मध्ये ते हलाखीत वारले. या रात्रीचे गोडवे गाताना हे विसरणं लबाडीचं ठरेल. तरीही याच रात्रीतून उत्तर देणारा माणूस निघाला. वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांनी तमाशाचा साचा उचलला, गवळण काढून टाकली, गणात देवाऐवजी कष्टकऱ्याला वंदन केलं, आणि वगात सावकार-मालकांना उभं केलं. इंग्रजांविरुद्धच्या प्रतिसरकारच्या दिवसांत शंकरराव निकमांसारख्या शाहिरांनी याच रात्रींतून पोवाडे पोचवले. ज्या वगाने गावाची फिरकी घ्यायची त्याच वगाने सत्तेची घेतली. म्हणून रात्र वाचवायची म्हणजे जुनी जातव्यवस्था वाचवायची असं होत नाही. कापली गेली ती नेमकी उलटतपासणी करणारी बाजू.

कापली कोणी? सगळे टीव्हीकडे बोट दाखवतात. पण टीव्हीच्या कितीतरी आधी तंबूतला सिनेमा याच यात्रांत शेजारी येऊन बसला होता, आणि तमाशाने त्याची गाणी उचलून त्याच्याशी जुळवून घेतलं होतं. स्पर्धेने तमाशा बदलला, पण रात्र तशीच राहिली. रात्रीवर घाव पडले ते सरकारी. स्वातंत्र्य मिळताच मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. ती उठली ती अश्लीलता काढण्याच्या आणि आधी संहिता तपासून घेण्याच्या अटींवर. आयत्या वेळी जुळवून बोलणारा सोंगाड्या लिहिलेल्या कागदाला बांधला गेला. पुढचा घाव जास्त खोल गेला. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आणि २००५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांनी रात्री दहानंतर उघड्यावरचा ध्वनिक्षेपक बंद केला; वर्षातून फार तर १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत. हा नियम तमाशाच्या द्वेषातून आलेला नाही. पण क्रम आठवा. दहाला कर्णा बंद म्हणजे गण, गवळण, रंगबाजी राहणार आणि वग जाणार. आज तमाशा म्हणजे नुसता नाच, ही तक्रार करणाऱ्यांनी घड्याळाकडेही पाहावं. नाच आधी असतो, म्हणून तो उरला.

त्याच २००५ साली राज्याने डान्सबार बंद केले. गृहखात्याचा हा निर्णय नेटाने रेटणारे आर. आर. आबा पाटील तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे. त्यांच्या हेतूविषयी शंका घ्यायचं कारण नाही. गावाकडची पोरं मुंबईत पैसे उधळून येतात, ही काळजी खरी होती. पण तो कायदा बिअरबारला बंदी करत होता आणि तारांकित हॉटेलांना मोकळीक देत होता, आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो टिकला नाही त्याचं एक कारण हा भेदच होतं. ध्वनीच्या नियमातही बंद सभागृहाला सूट आहे. साताऱ्याचं शाहू कलामंदिर किंवा सांगलीचं भावे नाट्यमंदिर आपला खेळ पुरा करू शकतं, कनात करू शकत नाही. ज्याला छप्पर परवडतं त्याला रात्र मिळते, असं आपल्या कायद्यांचं साधारण वळण दिसतं. जपाननेही हेच केलं होतं. १९४८ च्या एका कायद्याच्या आधारे तिथे मध्यरात्रीनंतर क्लबांत गिऱ्हाइकांना नाचू देणं गुन्हा होता, आणि ओसाकात पोलिसांनी त्यावरून धाडीही घातल्या. फरक एवढाच की तिथे त्यावर जाहीर वाद झाला आणि २०१५ मध्ये कायदा बदलला. इथे यात्रेच्या रात्रीबद्दल विधानसभेत कोणी जीव तोडून भांडल्याचं ऐकिवात नाही.

गाण्याचंही तेच. अब्दुल करीम खाँसाहेबांनी मिरज हे आपलं घर मानलं, १९३७ मध्ये ते वारल्यावर मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांचं दफन झालं, आणि तिथल्या उरुसात त्यांच्या स्मरणाची संगीतसभा भरू लागली. मालकंस, दरबारी हे उत्तररात्रीचे राग. पुण्यात खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व यांच्या नावाचा महोत्सव रात्रभर चालायचा. दहाच्या बंधनानंतर त्याला दिवसाच्या सत्रांकडे वळावं लागलं, आणि उत्तररात्रीचे राग त्यांच्या वेळेला ऐकण्याची संधी श्रोत्याला जवळपास उरली नाही.

झोपमोड होते त्यांचं काय, हा प्रश्न उरतोच. आजारी माणूस, परीक्षेचं पोर, पहाटे धारा काढायला उठणारी बाई यांचा हक्क मोठा आहे, आणि डीजेच्या भिंती उभ्या करणाऱ्यांनी रात्रीच्या बाजूने बोलायची सोयच ठेवलेली नाही. पण कर्णा नव्हता तेव्हाही तमाशा होताच. ढोलकी, हलगी, तुणतुणं आणि मोकळा गळा एवढ्यावर कनातीतला शेवटचा माणूस ऐकत असे. आवाज तेवढाच ठेवला तर यात्रा कमिट्यांना दोन गोष्टी करता येतील. सवलतीच्या १५ दिवसांत यात्रेची रात्र धरावी म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे आधीच अर्ज करावा. आणि फडाला सुपारी देतानाच सांगावं, की खेळ सहाला लावा, पण वग पुरा झाला पाहिजे.