एचजेटी-१६ किरण

एचजेटी-१६ किरण हे भारतात आराखडा करून भारतातच तयार केलेले दोन आसनी जेट प्रशिक्षण विमान आहे. बंगळूर येथील हिंदुस्थान एअरक्राफ्ट (१ ऑक्टोबर १९६४ पासून हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेड) या सरकारी कंपनीने ते विकसित केले. १९६४ मध्ये प्रथम उड्डाण केलेल्या या विमानाचे सर्व प्रकार मिळून सुमारे २५० नग तयार झाले. भारतीय वायुदलातील आणि नौदलातील वैमानिकांच्या अनेक पिढ्यांनी जेट विमानाचे पहिले धडे किरणवर गिरवले.

पार्श्वभूमी

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात वैमानिकाचे प्राथमिक शिक्षण एचटी-२ या पंख्याच्या विमानावर होत असे. हे विमानही याच कंपनीचे होते. पुढच्या टप्प्यासाठी हार्वर्ड आणि व्हॅम्पायर ही परदेशी बनावटीची विमाने वापरात होती. लढाऊ दले जेट विमानांनी सज्ज होऊ लागल्यावर प्राथमिक विमान आणि वेगवान लढाऊ विमान यांमधील अंतर सांधणाऱ्या मध्यम टप्प्याच्या विमानाची गरज निर्माण झाली. ही गरज देशातच भागवावी, या विचारातून किरणचा प्रकल्प पुढे आला.

आराखडा व विकास

आराखड्याचे काम विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली झाले. कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेल्या घाटगे यांनी जर्मनीतील ग्योटिंगेन येथे वायुगतिशास्त्रज्ञ लुडविग प्रांट्ल यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केले होते. एचटी-२ विमानाचे शिल्पकारही तेच होते.

किरणच्या पहिल्या नमुना विमानाने ४ सप्टेंबर १९६४ रोजी उड्डाण केले. विंग कमांडर सुरंजन दास त्याचे सारथ्य करीत होते. एचएफ-२४ मारुत या भारतीय लढाऊ विमानाचे पहिले उड्डाणही १९६१ मध्ये त्यांनीच केले होते. वायुदलाला किरण विमाने मिळण्यास १९६८ मध्ये सुरुवात झाली.

रचना

किरणचे धड धातूचे असून पंख धडाच्या खालच्या बाजूस जोडलेले आहेत. शिक्षक व विद्यार्थी यांची आसने शेजारी-शेजारी आहेत. एकामागे एक बसण्याच्या व्यवस्थेत शिक्षकाला विद्यार्थ्याचे हात दिसत नाहीत. येथे मात्र त्याची प्रत्येक हालचाल शिक्षकाच्या नजरेसमोर राहते आणि चूक तत्काळ दाखवता येते. बैठककक्षातील हवेचा दाब नियंत्रित असून संकटकाळी वैमानिकाला विमानाबाहेर फेकणारी आसनेही त्यात आहेत. मूळ प्रकाराचा पंखविस्तार सुमारे १०.७ मीटर आणि लांबी सुमारे १०.६ मीटर आहे.

प्रकार

• मार्क १ : व्हायपर टर्बोजेट इंजिन, सुमारे २,५०० पौंड रेटा. ११८ विमाने.
• मार्क १ए : इंजिन तेच, शस्त्रप्रशिक्षणासाठी पंखांखाली बॉम्ब, रॉकेटे किंवा इंधनाची जादा टाकी टांगण्याची सोय. ७२ विमाने.
• मार्क २ : ऑर्फियस टर्बोजेट इंजिन, सुमारे ४,२०० पौंड रेटा, नाकाच्या भागात ७.६२ मिलिमीटरच्या दोन मशीनगन व पंखांखाली शस्त्रांसाठी चार जागा. पहिले उड्डाण ३० जुलै १९७६. ६१ विमाने.

ऑर्फियस हे इंजिन भारताला नवे नव्हते. नॅट आणि मारुत या लढाऊ विमानांत याच इंजिनाचे प्रकार वापरले होते. तरीही मार्क २ चे पहिले उड्डाण आणि त्याचा वायुदलातील प्रवेश यांत जवळजवळ नऊ वर्षे गेली. ही विमाने १९८५ ते १९८९ या काळात वायुदलाला मिळाली. दरम्यान, १९७० च्या दशकात जेट प्रशिक्षण विमानांची उणीव भरून काढण्यासाठी पोलंडकडून ५० इस्क्रा विमाने घेण्यात आली.

सेवा

हैदराबादजवळील दुंडिगल येथील वायुदल अकादमी आणि हकीमपेठ येथील तळ ही किरणची प्रमुख केंद्रे होत. तांबरम येथे उड्डाण-शिक्षक घडवण्यासाठीही हे विमान वापरले गेले. नौदलाची किरण विमाने गोव्यातील आयएनएस हंसा या तळावर होती. तेथे २०१३ मध्ये हॉक विमाने दाखल झाली.

प्रात्यक्षिक पथके

वायुदलाचे सूर्यकिरण हे हवाई कसरतींचे पथक १९९६ मध्ये बीदर येथे मार्क २ विमानांवर स्थापन झाले. पथकाच्या नावातच विमानाचे नाव आहे. नऊ विमानांच्या रचनेमुळे ते देशभर प्रसिद्ध झाले. नौदलाचे चार विमानांचे सागर पवन हे पथक २००३ मध्ये गोव्यात सुरू झाले. ३ मार्च २०१० रोजी हैदराबाद येथील प्रदर्शनात त्याचे एक विमान कोसळून दोन्ही वैमानिक मृत्युमुखी पडले.

वारसदाराचा प्रश्न

किरणची जागा घेण्यासाठी एचजेटी-३६ सितारा हे विमान आखण्यात आले. मार्च २००३ मध्ये त्याने पहिले उड्डाण केले. मात्र वेग घटल्यावर पंखांची उचल नाहीशी होणे आणि विमान गिरकीत सापडणे या अवस्थांतील त्याचे वर्तन समाधानकारक नव्हते. त्यामुळे ते नियोजित काळात सेवेत येऊ शकले नाही. प्रशिक्षण विमानासाठी हा दोष गंभीर ठरतो, कारण गिरकीतून विमान बाहेर काढणे हाच विद्यार्थ्याला शिकवायचा एक मूलभूत धडा असतो.

त्यातच जुलै २००९ मधील प्राणघातक अपघातानंतर प्राथमिक प्रशिक्षणाची एचपीटी-३२ दीपक विमाने उड्डाणांतून काढून घेण्यात आली. तोवर दुसऱ्या टप्प्यासाठी असलेल्या किरणवर नवशिक्यांचा पहिला टप्पाही येऊन पडला. विमानांची संख्या अपुरी पडू लागल्याने २०११ मध्ये सूर्यकिरण पथक स्थगित करून त्याची विमाने प्रशिक्षणाकडे वळवण्यात आली. हे पथक २०१५ मध्ये हॉक विमानांवर पुन्हा उभे राहिले. स्वित्झर्लंडहून घेतलेली पिलाटस पीसी-७ मार्क २ विमाने २०१३ मध्ये दाखल झाल्यावर प्राथमिक टप्प्याचा भार हलका झाला. मध्यम टप्प्यासाठी मात्र किरण त्यानंतरही कार्यरत राहिले.

साठच्या दशकातील आराखड्याचे विमान अर्ध्या शतकाहून अधिक काळ उपयोगी ठरले, हे त्याच्या मजबुतीचे द्योतक आहे. पण वारसदार वेळेवर तयार न झाल्याने वाढत गेलेल्या त्याच्या सेवाकाळातून भारतातील प्रशिक्षण विमानांच्या नियोजनाची मर्यादाही स्पष्ट होते.