एका आण्याचा हिशोब

संध्याकाळचं दूध डेअरीला गेलं असेल, भाकरीचं पीठ मळायला अजून थोडा वेळ असेल, तर रेडिओ जरा जवळ ओढा. आजचा विषय ऐकून काहीजणी तोंड वाकडं करतील. विषय आहे घरपट्टीचा आणि तिच्या पावतीवर छापलेल्या आरोग्य कराचा.

आधी माझीच एक गोष्ट सांगते. लहानपणी ग्रामपंचायतीचा शिपाई वसुलीची वही घेऊन आला की आई मला पुढच्या दारात उभी करायची आणि सांगायची, "म्हण, घरात कुणी नाही." मी तसं म्हणायची. शिपाई हसून पुढच्या घरी जायचा, तिथेही दारात असंच एक पोर उभं असायचं. यात आपण काही चुकतोय असं मला कधी वाटलं नाही. गेल्या पावसाळ्यात मात्र वाटलं. आमच्या आळीत जुलाबाची साथ आली. विहिरीशेजारची गटार तुंबून पाणी आत झिरपत होतं. आमच्या गटातल्या एका ताईच्या दीड वर्षाच्या मुलीला तीन दिवस सलाइन लावावं लागलं. आम्ही तावातावाने पंचायतीत गेलो. ग्रामसेवकांनी वही उघडून दाखवली. विहिरीत टाकायची टीसीएल पावडर संपली होती, गटार उपसणाऱ्या माणसाची मजुरी थकली होती आणि निम्म्याहून जास्त घरांची पट्टी बाकी होती. त्या यादीत माझ्या माहेरचं नाव होतं.

आता आमच्या ग्रामसभेत आरोग्य कर थोडा वाढवायचा ठराव येणार आहे. गटाच्या बैठकीत पहिली प्रतिक्रिया आली ती अशी: "आधीचा पैसा कुठे गेला ते सांगा, मग वाढवा." ती ऐकून मला बी.ए.ला असताना वाचलेलं काहीतरी आठवलं. मी जुनी पुस्तकं काढली. तेव्हा कळलं की हा प्रश्न आपल्या गावाचा नाही, आजचाही नाही. तो दीडशे वर्षांचा आहे.

तेव्हा आपल्याकडे इंग्रजांचं राज्य होतं. मुंबई इलाख्यात सरकारने १८६०च्या दशकात शेतसाऱ्यावर एक जादा पट्टी बसवली आणि १८६९मध्ये तिचा कायदा केला. तिला म्हणायचे लोकल फंड. हिशोब सोपा होता. साऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा. रुपयाचे सोळा आणे, म्हणजे सोळा रुपये सारा भरणाऱ्या शेतकऱ्याला वर आणखी एक रुपया. या पैशातला तिसरा हिस्सा गावच्या शाळांसाठी आणि उरलेला मुख्यतः रस्ते व तशाच स्थानिक कामांसाठी, असं ठरलं. गावाचा पैसा गावाच्या कामाला, ही कल्पना कागदावर तेव्हापासून आहे.

पण आणा देणारा शेतकरी आणि आणा खर्च करणारा साहेब यांची कधी गाठ पडत नव्हती. लोकल फंडाच्या कमिट्यांवर कलेक्टर, मामलेदार आणि सरकारने निवडलेले बडे जमीनदार. ज्याच्या घामाचा आणा, त्याला बैठकीत जागा नव्हती. बाईची तर गोष्टच सोडा.

हे उघडपणे विचारणाऱ्यांत जोतीराव फुले होते. आपण त्यांना सावित्रीबाईंच्या जोडीने मुलींच्या शाळेसाठी ओळखतो. पण ते हिशोबालाही पक्के होते. पुण्याच्या नगरपालिकेचे ते काही वर्षं सभासद होते. १८८०मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार म्हणून स्वागताला हजार रुपये खर्च करायचं ठरलं. ३२ सभासदांत विरोधात मत दिलं ते एकट्या जोतीरावांनी. लोकांकडून गोळा केलेला पैसा कमानी-पताकांवर उडवण्यापेक्षा गरिबांच्या शिक्षणाला लावा, हे त्यांचं म्हणणं.

पुढे १८८२मध्ये इंग्रज सरकारने शिक्षणाची पाहणी करायला हंटर कमिशन नेमलं. जोतीरावांनी कमिशनपुढे लेखी निवेदन ठेवलं. त्यात त्यांनी सांगितलं की सरकार शिक्षणासाठी म्हणून खास पट्टी गोळा करतं आणि ती ज्या कामासाठी घेतली त्या कामाला लागत नाही, हे खेदाचं आहे. इलाख्यातल्या दहापैकी जवळजवळ नऊ गावांत शाळेची काहीच सोय नाही, म्हणजे सुमारे दहा लाख मुलं शिक्षणावाचून राहतात, असंही त्यांनी मांडलं.

आता पुढचं नीट ऐका, कारण माझ्या मते आजचं सगळं भाषण या एका गोष्टीत आहे. एवढी फसवणूक दिसल्यावर जोतीराव काय म्हणाले असतील? "पट्टीच बंद करा" असं? नाही. त्यांनी मागणी केली की लोकल फंडाचा निम्मा हिस्सा प्राथमिक शाळांना द्या, नगरपालिकांना आपापल्या हद्दीतल्या शाळा चालवायला कायद्याने भाग पाडा आणि वर सरकारी तिजोरीतूनही पुरेशी मदत द्या. म्हणजे तिघांनीही आपापला वाटा उचलावा. आणा देतो, पण आण्याचा हिशोब द्या. ही मागणी आपल्या बचत गटातल्या बाईला सांगायला नको. महिन्याची वर्गणी आपण देतो, कारण दर बैठकीत वही मोठ्याने वाचली जाते. वही वाचली गेली नाही तर आपण वर्गणी बंद करत नाही, आधी सचिवाला उभं करतो.

१८८४मध्ये कायदा होऊन लोकल फंड कमिट्यांच्या जागी लोकल बोर्डं आली. काही जागा निवडणुकीने भरू लागल्या, तरी मताचा हक्क मालमत्तेला बांधलेला होता. शाळा, रस्ते, धर्मशाळा, दवाखाने ही बोर्डाची कामं. जुन्या माणसांच्या तोंडी 'बोर्डाची शाळा' हा शब्द अजून येतो, तो तिथला. १ मे १९६२ला जिल्हा परिषदा आल्या आणि ती कामं त्यांच्याकडे गेली. पण आणा गेला नाही! तलाठ्याकडून आठ-अचा उतारा काढाल तेव्हा नीट बघा. आकारणीच्या पुढे स्थानिक उपकराचे दोन रकाने आहेत, एक जिल्हा परिषदेचा, एक ग्रामपंचायतीचा. जोतीराव ज्याचा हिशोब मागत होते त्याच वंशातला हा कर आहे.

कर ठरल्या कामाला लागला तर काय होतं, याचंही उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. बहात्तरचा दुष्काळ तुमच्या सासूबाईंना विचारा. खडी फोडायच्या कामावर गेलेल्या बाया प्रत्येक गावात आहेत. १९७३च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसं होती. त्याआधी तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे, जे विधान परिषदेचे सभापती होते, त्यांनी १९६५मध्ये आपल्या तालुक्यात मागेल त्याला काम हा प्रयोग सुरू केला होता. त्यातून राज्याची रोजगार हमी योजना उभी राहिली. पैसा कुठून आणायचा? १९७५मध्ये सरकारने व्यवसाय कर बसवला. मुंबई-पुण्याच्या नोकरदाराच्या पगारातून, वकील-डॉक्टर-व्यापाऱ्याच्या कमाईतून ठरावीक रक्कम जाऊ लागली. जमणाऱ्या कराइतकीच भर सरकारने घालायची, असं ठरलं. रोजगार हमीचा कायदा २६ जानेवारी १९७९पासून लागू झाला. कामावर पिण्याचं पाणी, लहान मुलांना सावली, प्रथमोपचाराची पेटी हेही कामाच्या अटींत आलं. शहरातल्या माणसाने दिलेल्या पैशावर नगर-सोलापूरच्या बांधावर बाईच्या हातात तिची स्वतःची मजुरी पडली. पुढे देशाने २००५मध्ये असाच कायदा केला, त्याचं मूळ इथे आहे.

याही कराचा पैसा नंतरच्या काळात पुरा खर्च झाला नाही, असा आक्षेप अभ्यासकांनी घेतला. पैसा साचला आणि काम मागणाऱ्या बाया घरी बसल्या, तर मग कर चुकीचा म्हणायचा का? माझ्या मते राखण करणारं कमी पडलं.

आता आपल्या पावतीकडे येते. ग्रामपंचायतीचा कायदा १९५८चा. त्यात पंचायतीला घरपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर, पाणीपट्टी असे कर बसवता येतात. "दवाखाना सरकारचा, मग आम्ही का भरायचं?" हा प्रश्न बैठकीत आला, त्याचं उत्तर असं. उपकेंद्राच्या ताई, डॉक्टर, लस, औषधं ही वरच्या सरकारची जबाबदारी आहे आणि ती आपण सोडायची नाही. पण गटार, विहिरीतली पावडर, कचरा, रस्त्यावरचा दिवा ही पंचायतीची कामं आहेत. सलाइन सरकारी होतं. पण सलाइन लावायची वेळ आपल्या तुंबलेल्या गटारीने आणली.

"गरिबाने आणि बंगलेवाल्याने सारखंच भरायचं का?" हाही प्रश्न बरोबर आहे. घरपट्टी आता घराच्या भांडवली मूल्यावर बसते, त्यामुळे पत्र्याच्या घराला कमी आणि दुमजलीला जास्त यायला हवी. आरोग्य कराची वाढही नियमाच्या मर्यादेतच करता येते. तुमच्या घराची नोंद चुकली असेल तर हरकत घ्या. पण हिशोब करून बघा. समजा गावात ४०० घरं आहेत आणि प्रत्येकाने वर्षाला ५० रुपये जादा दिले, तर २०,००० रुपये होतात. थेंबे थेंबे तळे साचे, हे आपल्या गटाच्या भिंतीवर रंगवलेलं आहेच.

आणि जोतीरावांच्या काळी नसलेली एक गोष्ट आज आपल्याकडे आहे. आपल्याला बैठकीत जागा आहे. प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी महिला सभा घेणं बंधनकारक आहे. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे आहेत. पण ते दहा टक्के उत्पन्नाचे आहेत. पट्टीच जमली नाही तर शून्याचे दहा टक्के शून्यच.

म्हणून आमच्या गटाने ठरवलंय ते सांगते. महिला सभेत आम्ही ठरावाला हात वर करणार, पण तीन अटी लिहून घेऊन. आरोग्य कराचा जमाखर्च दर तीन महिन्यांनी पंचायतीच्या फळ्यावर लागावा. पावसाळ्याआधी गटारी उपसून झाल्याची नोंद दोन महिला सदस्यांच्या सहीने व्हावी. आणि ज्यांची थकबाकी मोठी आहे त्यांची वसुली आधी व्हावी, मग ते कुणीही असोत.

त्या यादीत माझ्या माहेरचंही नाव होतं, हे मी मघाशी सांगितलंच. मागच्या आठवड्यात आईला घेऊन पंचायतीत गेले आणि तीन वर्षांची बाकी भरून आले. आईने पावती उलटसुलट करून पाहिली, आरोग्य कराच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि ग्रामसेवकांना विचारलं, "भाऊ, याचं काय केलंत ते कधी सांगणार?"

मैत्रिणींनो, तुमच्या ग्रामसभेतही हेच विचारा. पण पावती हातात घेऊन विचारा.