सर्पगंधेच्या मुळीपासून ताराकार पेशीपर्यंत

साप चावला की मुळ्या उगाळत बसू नये, प्रतिविषासाठी तडक दवाखाना गाठावा. सर्पगंधेच्या मुळीने विष उतरत नाही. पण मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाचा माग लागला, त्यात याच मुळीचा मोठा वाटा आहे, आणि त्या वाटेवरचं एक महत्त्वाचं ठाणं मुंबईत होतं.

रक्तदाब आणि वेड, दोन्हींवर सर्पगंधा चालते, असं गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी 1931 मध्ये कलकत्त्याहून लिहिलं होतं. जगाने मात्र दखल घेतली ती मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांची. उच्च रक्तदाबाच्या 50 रुग्णांवरचे त्यांचे निष्कर्ष 1949 मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापून आले. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीने मुळीतलं रिसर्पीन हे औषधी द्रव्य वेगळं केलं. पुढे ते मनोरुग्णांना देऊ लागले. उलट रक्तदाबासाठी ते घेणारे काही जण खिन्न होतात, असंही डॉक्टरांना दिसलं.

सेरोटोनिन 1948 मध्ये रक्तातून हाती आलं होतं आणि 1953 मध्ये बेट्टी ट्वारोग यांनी ते मेंदूतही दाखवलं. तिथे ते करतं काय, हे मात्र अंधारात होतं. 1955 मध्ये अमेरिकेत प्लेचर, शोअर आणि ब्रोडी यांना आढळलं की रिसर्पीन दिल्यावर शरीरातला सेरोटोनिनचा साठा रिता होतो. मनःस्थिती आणि रसायन यांची गाठ असावी, हा अंदाज इथे बळावला. आपल्या मुळीचं हे श्रेय शाळेच्या पुस्तकात यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

पुढचा प्रश्न होता, हे रसायन ओळखतं कोण? गॅडम आणि पिकारेली यांनी 1957 मध्ये गिनीपिगच्या आतड्यावर त्याचे दोन प्रकारचे ग्राही (रिसेप्टर) दाखवले. मेंदूत सगळ्यांची नजर चेतापेशींवरच खिळली होती. त्यांना आधार देणाऱ्या ताराकार पेशी म्हणजे नुसता गिलावा, असा समज होता.

तो समज मोडायला या पेशी निर्भेळ मिळणं गरजेचं होतं. मॅकार्थी आणि डी व्हेलिस यांनी 1980 मध्ये त्याची रीत बसवली. नवजात उंदराच्या मेंदूतल्या पेशी बाटलीत वाढवायच्या, मग बाटली बराच वेळ हलवत ठेवायची. वरच्या सैल पेशी सुटून जातात, तळाला घट्ट चिकटलेल्या ताराकार पेशी उरतात. अशा पेशींवर सेरोटोनिनचे ग्राही सापडले. 1990 मध्ये पॅट्रिशिया व्हिटेकर-अझ्मिशिया आणि सहकाऱ्यांनी तर दाखवलं की त्यांतला '1ए' ग्राही चेतवला की या पेशी एस-100 हे प्रथिन सोडतात, आणि त्यावर सेरोटोनिन बनवणाऱ्या चेतापेशी वाढतात. म्हणजे आधारपेशी निरोप ऐकतात आणि उत्तरही देतात.

अर्थात, बाटलीतली पेशी डोक्यातल्या पेशीसारखी तंतोतंत वागत नाही; ग्राहींचं प्रमाण बदलतं. म्हणून बाटलीतलं उत्तर जिवंत प्राण्यातही पडताळावं लागतं. सेरोटोनिनची ही वाट आज पुन्हा मुंबईत येते: तिथल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांच्या गटाचं त्यावर दीर्घकाळ काम चालू आहे. सेरोटोनिन '2ए' ग्राहीवाटे चेतापेशींतली ऊर्जाकेंद्रं, म्हणजे मायटोकाँड्रिया, वाढवतं, हे उल्लास कोल्थुर-सीताराम यांच्यासोबत त्यांनी 2019 मध्ये दाखवलं.