काकडीच्या वाफ्याशेजारी लिहिलेला इतिहास : गिल्बर्ट व्हाइट यांची बाग

१/
जून १७८३. दक्षिण इंग्लंडच्या हॅम्पशर परगण्यातील सेलबोर्न हे एक लहानसे खेडे. २३ जूनपासून या गावावर एक विचित्र धूसरपणा उतरला. भर दुपारचा सूर्य निस्तेज झाला. उगवताना आणि मावळताना तो रक्तवर्ण दिसू लागला.

२/
उकाडा इतका, की कापलेले मांस दुसऱ्या दिवशी खाण्याजोगे राहत नसे. माश्यांच्या त्रासाने घोडे बिथरत. गावकऱ्यांच्या मनात अशुभाची शंका दाटली. २० जुलैपर्यंत ही अवस्था टिकली. त्या दिवसांतही गावातील एक गृहस्थ आपली रोजची वही नेमाने लिहीत होते.

३/
त्यांचे नाव गिल्बर्ट व्हाइट. ते कोणत्याही वेधशाळेत नोकरीला नव्हते, की कोणाच्या दरबारी इतिहासकार नव्हते. खेड्यातील चर्चचे ते सहायक धर्मगुरू होते आणि आपल्या बागेचे त्यांना विलक्षण वेड होते. त्या वेडाने इतिहासाला काय दिले, त्याची ही हकीकत.

४/
व्हाइट यांचा जन्म १७२० साली सेलबोर्नमध्येच झाला. आजोबा तेथील मुख्य धर्मगुरू होते. ऑक्सफर्डच्या ऑरियल कॉलेजात नातवाचे शिक्षण झाले आणि १७४४ मध्ये ते तेथेच फेलो झाले. सेलबोर्नचे मुख्य धर्मगुरुपद मात्र मॉडलिन कॉलेजच्या हाती होते. ऑरियलच्या माणसाला ते मिळणे शक्यच नव्हते.

५/
गाव कायमचे सोडावे लागेल अशी बढती त्यांनी पत्करली नाही. विवाह केला नाही. पद, पैसा, राजधानीतील ओळखी या मोजपट्टीवर हा मनुष्य मागेच राहिला. त्याच्यापाशी होते ते एक घर, एक बाग आणि घरामागची बीच वृक्षांनी झाकलेली टेकडी.

६/
१७५१ मध्ये व्हाइट यांनी बागेची एक वही सुरू केली. तिला ते ‘गार्डन कॅलेंडर’ म्हणत. आज काय पेरले, कोणते बी उगवले, कोणते वाया गेले, दहिवर किती पडले, खत कोठून आले, अशा साध्यासुध्या नोंदी. ही वही पुढे वीस वर्षे चालली.

७/
त्यांचा सर्वांत मोठा छंद होता खरबूज आणि काकडी पिकवण्याचा. इंग्लंडच्या थंड हवेत हे सोपे काम नव्हते. गाडी-गाडी ताजे शेणखत आणून त्याचा ढीग रचायचा, त्यावर माती पसरायची आणि वर काचेची झाकणे ठेवायची. खत कुजताना निघणाऱ्या उष्णतेवर रोपे वाढत.

८/
ही उष्णता वाढली तर मुळे करपत. उतरली तर वेल गारठे. म्हणून दररोज जाऊन वाफा पाहायचा, झाकण थोडे उघडायचे, पुन्हा लावायचे. ऋतूंचा सूक्ष्म फरक ओळखण्याची सवय त्यांना पुस्तकांइतकीच या वाफ्याने लावली.

९/
बागेत विनोदबुद्धीही होती. त्या काळी धनिकांच्या उद्यानांत संगमरवरी पुतळे असत. व्हाइट यांना ते परवडणारे नव्हते. त्यांनी फळीवर हर्क्युलिसचे चित्र रंगवून घेतले आणि ते बागेच्या टोकाला उभे केले. दुरून पाहणाऱ्याला तो खरा पुतळा वाटे!

१०/
१७५३ मध्ये भाऊ जॉन यांच्या साथीने त्यांनी टेकडीच्या उभ्या चढावर नागमोडी पायवाट खोदली. तिच्यावरून वर गेले की सारे गाव नजरेत येई. ती वाट आजही आहे आणि लोक तिच्यावरून चढतात.

११/
१७६८ पासून नोंदींना नवे रूप आले. डेन्स बॅरिंग्टन या विद्वान मित्राने छापील रकान्यांची एक दैनंदिनी तयार केली होती. तापमान, वारा, पाऊस, उमललेली फुले, दिसलेले पक्षी, कीटक, प्रत्येकासाठी निराळा रकाना. व्हाइट ती पुढे पंचवीस वर्षे भरत राहिले.

१२/
या सवयीचे फळ लवकरच दिसले. दिसायला जवळजवळ सारखे असणारे चिमुकले वटवट्या पक्षी लोक एकाच जातीचे समजत. व्हाइट यांनी त्यांच्या गाण्यातील फरक कान देऊन ऐकला आणि या तीन स्वतंत्र जाती आहेत हे ओळखले. त्यांनी ते थॉमस पेनंट या निसर्गअभ्यासकाला १७६८ मध्ये पत्राने कळवले.

१३/
गव्हाच्या ताटांवर गोल घरटे विणणारा एक इवलासा उंदीरही त्यांनीच प्रथम अभ्यासकांच्या नजरेस आणला. त्याचे वजन किती? व्हाइट यांनी दोन उंदीर तराजूत टाकले. दुसऱ्या पारड्यात अर्ध्या पेनीचे तांब्याचे एक नाणे पुरले.

१४/
१७८० मध्ये आत्याकडचे टिमोथी नावाचे कासव त्यांच्या बागेत आले. ते कधी जमिनीत शिरते, कधी बाहेर येते, पावसाला किती घाबरते, हे सारे वहीत उतरू लागले. त्याला ऐकू येते का, हे पाहण्यासाठी व्हाइट यांनी कर्ण्यातून हाकाही मारल्या. टिमोथीने लक्ष दिले नाही.

१५/
गांडुळांकडे बागवान तेव्हा उपद्रव म्हणून पाहत. जमीन भुसभुशीत करणारा हा क्षुद्र जीव नाहीसा झाला तर माती निकस होईल, असे व्हाइट यांनी १७७७ मध्ये लिहिले. शतकभराने, १८८१ मध्ये, चार्ल्स डार्विन यांनी गांडुळांवर संपूर्ण ग्रंथच लिहिला. तरुणपणी व्हाइट यांचे पुस्तक वाचूनच डार्विन यांना पक्षिनिरीक्षणाची गोडी लागली होती.

१६/
व्हाइट चुकलेही. भिंगरी पक्षी हिवाळ्यात परदेशी जातात, की इथेच कपारींत झोपून राहतात? भाऊ जॉन यांनी जिब्राल्टरहून पक्ष्यांचे थवे समुद्र ओलांडताना पाहिल्याचे कळवले होते. तरी शंका फिटेना. १७८१ मध्ये व्हाइट यांनी माणसे लावून टेकडीवरची झुडपे धुंडाळली. एकही झोपलेला पक्षी सापडला नाही. तेही त्यांनी प्रांजळपणे लिहून ठेवले.

१७/
मित्रांना लिहिलेली ही पत्रे सेलबोर्नच्या निसर्गावर व प्राचीन वास्तूंवर असलेल्या पुस्तकाच्या रूपाने १७८८ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. मुखपृष्ठावर साल होते १७८९. प्रकाशक होते त्यांचेच बंधू बेंजामिन. एका खेड्यापुरते असलेले हे पुस्तक आजही नव्याने छापले जाते.

१८/
आता पुन्हा १७८३ कडे. त्या धूसरपणाचे मूळ आइसलँडमध्ये होते. ८ जून १७८३ रोजी तेथे लाकी ज्वालामुखीचा उद्रेक सुरू झाला आणि तो पुढच्या फेब्रुवारीपर्यंत चालला. विषारी वायूंनी कुरणे नासली, जनावरे मेली आणि दुष्काळात त्या देशाची किमान एक-पंचमांश लोकसंख्या मृत्यू पावली.

१९/
व्हाइट यांना हे ठाऊक नव्हते. इटलीतील भूकंप आणि नॉर्वेजवळच्या समुद्रातील ज्वालामुखी, इतकेच त्यांच्या कानी आले होते. कारण ठाऊक नसतानाही त्यांनी तारखा, प्रकाशाचा रंग आणि वाऱ्याची दिशा टिपली. म्हणूनच लाकीचा धूर युरोपात कसा पसरला हे शोधताना अभ्यासक सेलबोर्नच्या या वहीपाशी येतात.

२०/
राजांच्या बखरींत आणि सेनापतींच्या पत्रांत त्या वर्षीच्या काकडीचे काय झाले हे सापडत नाही. ते लिहावेसे वाटण्यासाठी रोज सकाळी वाफ्याशी जाण्यात आनंद वाटावा लागतो. व्हाइट यांना तो बेचाळीस वर्षे वाटत राहिला. पुराव्याचा विचार त्यांच्या मनात क्वचितच असेल.

२१/
२६ जून १७९३ रोजी व्हाइट यांचे निधन झाले. त्याच महिन्यात, अगदी काही दिवसांपूर्वीपर्यंत, त्यांनी वही लिहिली होती. सेलबोर्नच्या चर्चच्या आवारातील साध्या दगडावर केवळ नावाची आद्याक्षरे आणि तारीख आहे.

२२/
टिमोथीने पुढच्या वसंतात प्राण सोडला. त्याची पाठ आज लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये जतन केलेली आहे. ती तपासल्यावर कळले, की टिमोथी मादी होती. इतकी वर्षे रोज पाहूनही एवढी गोष्ट व्हाइट यांच्या नजरेतून सुटली होती. कळली असती, तर त्यांनी ती त्याच दिवशी आनंदाने वहीत टिपली असती.