तुटलेली तार आणि टिकलेले काम

यंत्र आणि मनुष्य यांच्यातील संवादाचा इतिहास हा बहुतांशी प्रतीक्षेचा इतिहास आहे. १९५० च्या दशकात संगणकाकडे काम सोपवायचे म्हणजे छिद्रे पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा यंत्रचालकाच्या स्वाधीन करावयाचा आणि उत्तरासाठी तासन्‌तास थांबावयाचे. हा क्रम मोडण्याचा एक मोठा प्रयत्न अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत झाला. एकाच यंत्राने आपला वेळ अनेकांत वाटून द्यावा, असे टिपण जॉन मॅकार्थी यांनी तेथे १९५९ च्या प्रारंभी लिहिले. आणि १९६१ च्या नोव्हेंबरात फर्नांडो कोर्बातो व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते प्रत्यक्षात उतरवून दाखविले. यंत्र प्रत्येकाला क्षणाचा एक अंश देई. परंतु प्रत्येकाला वाटे की, ते केवळ आपल्याच सेवेस उभे आहे.

एक यंत्र असे अनेकांचे झाले. तथापि माणसाच्या हाती टर्मिनल एकच, आणि यंत्रापर्यंत जाणारी तारही एकच. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांच्या हातून जन्मलेल्या युनिक्स प्रणालीत याविषयी एक कठोर नियम रूढ झाला. टर्मिनलची दूरध्वनीची तार तुटली की, त्यावरून चालणाऱ्या कामांना 'हँगअप' नावाचा इशारा जाई, आणि ज्या कामाने स्वतःची वेगळी तजवीज केली नसेल ते तेथेच संपुष्टात येई. निघून गेलेल्या माणसाचे काम यंत्राने विनाकारण का वाहावे, हा त्यामागील विचार चुकीचा नव्हता. परंतु तार तुटणे आणि माणूस निघून जाणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे यंत्राला उमगत नव्हते. 'नोहप' या आज्ञेने काम जगविता येई खरे. पण जगलेल्या त्या कामाशी पुन्हा बोलता येत नसे.

उत्तर मिळाले ते मध्यस्थाच्या रूपाने. १९८३ साली बर्कली विद्यापीठाच्या ४.२ बीएसडी या युनिक्समध्ये आभासी टर्मिनलांची सोय होती. आपण खऱ्या टर्मिनलशीच बोलत आहोत अशी कामाची समजूत असे. वस्तुतः पलीकडे दुसरा एक प्रोग्राम बसलेला असे. बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठातील ऑलिव्हर लाउमान व कार्स्टेन बोर्मान यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेला 'स्क्रीन' हा प्रोग्राम याच युक्तीवर उभा आहे. त्यामुळे चोवीस ओळींच्या एकाच पडद्यावरून अनेक सत्रे आळीपाळीने चालविता येऊ लागली. परंतु त्याचे खरे मोल निराळेच आहे. सर्व कामे त्या मध्यस्थाच्या आश्रयाला असतात. तार तुटली तर हँगअपचा आघात पडद्याशी बसलेल्या अर्ध्या भागावर होतो. दुसरा अर्धा भाग कामे सांभाळीत स्वस्थ राहतो. माणूस दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या गावाहून, दुसऱ्या टर्मिनलवरून येतो आणि अर्धवट राहिलेल्या ओळीपासूनच पुढे लिहू लागतो.

निकोलस मॅरियट यांनी २००७ मध्ये रचलेल्या 'टीमक्स'ने ही विभागणी अधिक रेखीव केली. एक सेवक कामे राखतो, आणि हवे तितके ग्राहक त्याला येऊन जोडले जातात. दोघे जण एकच सत्र एकाच वेळी पाहू शकतात, पडदाही उभा-आडवा विभागता येतो. २००९ मध्ये ओपनबीएसडी प्रणालीने त्याला आपल्या मूळ संचातच स्थान दिले.

रंगीत चित्रमय खिडक्यांचे युग आले तरी ही साधी साधने मागे पडली नाहीत, याचे कारण उघड आहे. आज राबणारे यंत्र बहुधा दूरच्या एखाद्या दालनात असते, आणि मधली वाट केव्हा खंडित होईल याचा नेम नसतो. या साधनांनाही मर्यादा आहेतच. यंत्रच बंद पडले तर मध्यस्थ आणि त्याच्या आश्रयाची कामे एकदमच नाहीशी होतात. जे कायम राखावयाचे ते वेळोवेळी नोंदवून ठेवावेच लागते.

अधिकारी खुर्चीवरून उठला म्हणून दप्तर बंद होत नाही, हे मनुष्याच्या कारभाराला फार पूर्वीच कळले होते. यंत्राच्या कारभाराला ते शिकण्यास पाव शतकाहून अधिक काळ लागला. खुर्ची वेगळी आणि काम वेगळे, हा विवेक त्याला ज्यांनी शिकविला, त्यांची नावे फारशी कोणाला ठाऊक नाहीत. मात्र तुटलेली तार पुन्हा जोडून आपले काम जसेच्या तसे पाहणारा प्रत्येक जण त्यांचा ऋणी आहे.